पेशीपटल आणि मीठ-साखरेचे पाणी

मी इतिहासाचा शिक्षक. तरीही स्मरणिकेसाठी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील पेशीपटल हा विषय निवडला. कारण या पटलाचा इतिहास वसतिगृहातील आजारी मुलाच्या उशाशी येऊन पोहोचतो.

प्रत्येक पेशीभोवतीचे हे आवरण मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ असते. १९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे गॉर्टर व ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींचा मेद वेगळा करून पाण्यावर पसरवला. त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. म्हणजे पटल मेदरेणूंच्या दोन थरांचे! (त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, त्या परस्परांना पूरक ठरल्या आणि निष्कर्ष बरोबर निघाला. इतिहासाच्या अभ्यासकाला असे योगायोग नवे नाहीत.) पुढे १९७२ साली सिंगर व निकोल्सन यांनी दाखवले, की हे थर घट्ट भिंतीसारखे नसून प्रवाही असतात आणि त्यांत प्रथिने वसलेली असतात.

मेदाच्या थरातून ऑक्सिजन सहज पार होतो. मीठ आणि साखर यांना मात्र प्रथिनांच्या दारांतूनच जावे लागते. आतड्यातील पेशींच्या पटलावर असे एक दार आहे, जे मिठातील सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. हा विचार रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडला. ही जोडी आत गेली, की परासरणाने पाणीही तिच्यामागे जाते. पटकीत शरीरातील पाणी वेगाने बाहेर पडते. परंतु हे दार शाबूत राहते.

१९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाणी रुग्णांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले.

पालकांनी प्रमाण लक्षात ठेवावे: एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. नुसत्या मिठाने ते दार उघडत नाही. साखर फार झाली, तर पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. मूल सुस्त पडले किंवा पिईनासे झाले, तर मात्र त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे.