घरची मराठी, शाळेची हिंदी आणि पहिलीतलं लेकरू

जूनच्या मध्यावर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात शाळेची घंटा वाजते, तेव्हा वरूड-नरखेडकडच्या मामाच्या गावी सुट्टी अजून सुरूच असते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षाही उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात. मध्य प्रदेशात मात्र नवं शालेय वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं. ‘स्कूल चलें हम’ अभियान, प्रवेशोत्सव, नवी पुस्तकं, आणि वर्गाची जरा ओळख होते न होते तोच मे महिन्याची सुट्टी. म्हणजे पांढुर्ण्यासमोरच्या, जाम नदीकाठच्या सावरगावातल्या पाच-सहा वर्षांच्या लेकराला एकाच वर्षात शाळेचे दोन ‘पहिले दिवस’ येतात. एप्रिलमध्ये रुळलेलं मूल जूनमध्ये पुन्हा दारात हात घट्ट धरून रडतं आणि आईला वाटतं, सगळी मेहनत वाया गेली. ती वाया गेलेली नसते. आजी-आजोबा, मामेभावंडं आणि मोकळी दुपार सोडून आलेल्या मुलाला सवय पुन्हा लावून घ्यायला काही दिवस लागणारच.

सावरगावच्या मुलाला आणखी एक अंतर ओलांडायचं असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे, म्हणजे परंपरेच्या दगडफेकीमुळे, या गावाचं नाव दूरवर माहीत आहे. इथल्या घराघरांत मराठी बोलली जाते, हे मात्र बाहेरच्यांच्या फारसं ध्यानात नसतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्याबरोबर पांढुर्णा व सौंसरचा संत्र्यांच्या बागांचा मराठी मुलूखही. २०२३ मध्ये या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सण तेच राहिले, सोयरिकी नागपूर-अमरावतीकडे होत राहिल्या, घरातली बोली टिकली. शाळेची भाषा मात्र हिंदी झाली.

मोठ्यांना हे अंतर जाणवतही नाही, कारण बाजारात, बँकेत, तहसील कचेरीत ते दोन्ही भाषा सहज बोलतात. सहा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. त्याने टीव्हीवर हिंदी ऐकलेली असते, पण तहान लागली, पोटात दुखतंय, शेजारच्याने पेन्सिल घेतली, हे त्याने आजवर फक्त मराठीत सांगितलेलं असतं. ‘खाली जगह भरो’ असं फळ्यावर आलं की मराठी घरातलं मूल रिकामी जागा शोधण्याऐवजी वहीच्या तळाशी पाहू लागलं, तर त्यात त्याचा काय दोष?

घरी अखंड बडबडणारं मूल वर्गात गप्प बसतं, असं पालकांना अनेकदा ऐकायला मिळतं. नव्या भाषेच्या वातावरणात आलेली अनेक लहान मुलं काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकत राहतात. या काळात ती शब्द साठवत असतात, सूर ओळखत असतात, कोणत्या सूचनेला इतर मुलं काय करतात हे पाहत असतात. या शांततेला मंदपणा समजणं ही मोठी चूक ठरते, कारण एकदा ‘हा बोलत नाही’ असा शिक्का बसला की त्याला प्रश्न विचारणंही कमी होतं. मूल घरी नीट बोलत असेल, खेळत असेल, सांगितलेलं समजत असेल, तर धीर धरावा. घरीही बोलणं कमी झालं किंवा ऐकण्यात शंका वाटली, तर डॉक्टरांना दाखवावं.

अशा वेळी प्रेमापोटीच एक उपाय केला जातो: घरात मराठी बंद करून हिंदी सुरू करायची. हा उपाय मुलाच्या हिताचा नाही. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं की पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. मोठं-लहान, आधी-नंतर, ‘असं का झालं’ या गोष्टी मराठीत पक्क्या झाल्या की हिंदीत फक्त त्यांचे शब्द शिकायचे उरतात. त्याआधीच, १९५३ मध्ये, युनेस्कोने शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी अशी शिफारस केली होती. आजी गोष्ट सांगते तेव्हा ती वाचनाचीच तयारी करून घेत असते. सावरगावच्या मुलांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे: लिपी एकच. घरी ‘क’ ओळखू आला तर तो वर्गातही ओळखू येतो.

रडणं, झोप आणि दप्तर

भाषेइतकीच महत्त्वाची आहे सकाळ. मुलाला न सांगता, नजर चुकवून निघून जाणं सोपं वाटतं, पण त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते आईला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. जवळ घ्यावं, कधी परत येणार ते मुलाला कळेल अशा भाषेत सांगावं, ‘जेवण झालं की येते’, आणि मग निघावं. सांगितलेली वेळ पाळावी. दारापाशी निरोप लांबवला की रडणंही लांबतं. बहुतेक मुलं पालक दिसेनासे झाल्यावर थोड्याच वेळात शांत होतात.

झोपेचा हिशेब सुट्टीतच बिघडलेला असतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपविषयक वैद्यकीय संस्थेचं मार्गदर्शन आहे. उन्हाळ्यात अंगणात रात्री उशिरापर्यंत जागायची सवय एका दिवसात मोडत नाही. शाळा उघडायच्या आठवडाभर आधीपासून रोज थोडं लवकर निजवलं, तर सकाळची निम्मी रडारड टळते.

दप्तराचा भारही पाहावा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार पूर्वप्राथमिकच्या मुलांना दप्तरच नको. पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोंपर्यंत असावं आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. पहिलीच्या सुरुवातीला तीन महिने खेळातून शाळेची तयारी करून घेणारा ‘विद्या प्रवेश’ हा कार्यक्रम एनसीईआरटीने २०२१ मध्ये तयार केला. त्यामुळे जुलैत वही कोरी दिसली म्हणून घाबरू नये. रांगेत उभं राहणं, गाणं म्हणणं, मण्यांची मोजणी हाही अभ्यासच आहे.

शाळा अंगणात आली तेव्हा

घर आणि शाळा यांतलं अंतर कमी करण्याचा मोठा प्रयोग मराठी मुलखातच झाला. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५ मध्ये अनुताई वाघ यांच्या साथीने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. खेळायला दगड, शिंपले, पानं, बिया. गाणी आणि गोष्टी त्या परिसराच्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पोचली. सावरगावच्या मुलाने शाळेआधी पाहिलेली पहिली ‘शाळा’ही बहुधा अंगणवाडीच असते.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान चालतं. मेळाव्यात मूल उड्या मारतं, चित्र रंगवतं, वस्तू मोजतं. मग वस्तीतल्या आया गट करून घरी तशाच कृती करून घेतात. त्याला खर्च नाही. डाळ-तांदूळ वेगळे करणं, चपला जोडीने लावणं, संत्री मोजून टोपलीत ठेवणं एवढंच. पांढुर्ण्याच्या एखाद्या मोहल्ल्यातल्या चार-पाच आयांनाही हे सहज जमेल, आणि त्यात मोजणी एकदा मराठीत, एकदा हिंदीत करता येईल.

पालकांच्या हातात काय आहे

कायदा पालकांच्या बाजूने बरंच काही देतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मारणं वा मानसिक छळ यांना बंदी आहे. शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेतून असावं, असंही तो सांगतो. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं म्हटलं आहे. हा अनुच्छेदही १९५६ चाच, राज्यांच्या सीमा बदलल्या त्याच वर्षी घटनेत आला.

माध्यम बदलणं एका पालकाच्या हातात नाही. वर्ग मुलासाठी ओळखीचा करणं मात्र हातात आहे. पहिल्याच आठवड्यात मॅडमना किंवा सरांना भेटून सांगावं, की घरी मराठी बोलतो, लेकरू पाणी कसं मागतं, कशाला घाबरतं. त्या परिसरातले अनेक शिक्षक स्वतः मराठी जाणतात. सूचना हिंदीत देऊन एकदा मराठीत समजावली, तर मुलाचा चेहरा उजळतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. मराठी गोष्टींची पुस्तकं वर्गात ठेवायची मागणी तिथे करता येते. पुस्तकं मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही: बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर अनेक चित्रगोष्टी मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत मिळतात. रात्री मराठीत ऐकलेली गोष्ट त्याच चित्रांसह वर्गात हिंदीत समोर आली, तर पुढे काय होणार ते मुलाला आधीच ठाऊक असतं. जुलैच्या पहिल्या पालकसभेत अशा पाच-सहा गोष्टींची यादी घेऊन जाता येईल.