न लागलेला दिवा

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला की छातीत धस्स होतं. पण तो लागायला हवा तेव्हा लागलाच नाही तर? कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात उभं राहीपर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता किल्ली फिरवली की माझी नजर आधी त्या दिव्याकडे जाते.

गाडी मित्राची, जुनी, डिझेलवर चालणारी. दोन महिन्यांत तीनदा बॅटरी उतरली. नवी घातली, तीही उतरली. आता अल्टरनेटरच बदलायचं घाटत होतं. मित्र सांगत होता, "चार्जिंगचा दिवा तर कधीच लागला नाही. म्हणजे चार्जिंग ठीक असणार." मिस्त्रींनी बॉनेटखालून मान वर काढली.

"कधीच न्हाई? किल्ली फिरवल्यावर पण न्हाई?"

त्यांनी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा नाही. मग एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचं टोक अल्टरनेटरच्या पाठीमागे, बेअरिंगजवळ नेलं आणि क्षणभर तसंच धरलं. "ओढत न्हाई बघा, सर. ह्यो अजून जागाच झाला न्हाई."

एवढ्या एका हालचालीत त्यांनी अर्धं निदान केलं होतं. ते समजायला अल्टरनेटरच्या पोटात शिरावं लागतं.

फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज उभी राहते. अल्टरनेटर म्हणजे तेच, फक्त चुंबक इंजिनच्या पट्ट्यावर गरगर फिरतो. मात्र हा चुंबक कायमचा नसतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे दोन लोखंडी पंजे, आणि त्यांच्या आत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. त्यात प्रवाह सोडला तर पंजे चुंबक होतात, बंद केला तर ते नुसतं लोखंड. हा प्रवाह तीन-चार अँपिअरचा, दोन छोट्या कार्बनांतून फिरत्या कड्यांवर पोचणारा. त्याच्या बदल्यात बाहेरच्या वेटोळ्यांतून सत्तर-ऐंशी अँपिअर निघू शकतात. ताकद इंजिनची, किती वीज काढायची ते ठरवतो हा बारीक प्रवाह. पोफळीला डोंगराच्या पोटात फिरणाऱ्या कोयनेच्या अजस्र जनित्रांचा व्होल्टेजही असाच, रोटरमधला प्रवाह कमी-जास्त करून सांभाळला जातो.

गाडीत हे काम रेग्युलेटर करतो. तो सतत व्होल्टेजवर नजर ठेवतो. हेडलाइट लावले, एसीचा पंखा फिरला, व्होल्टेज किंचित खाली आला, की तो पंजांमधला प्रवाह वाढवतो. जास्त झालं की तोडतो. एका सेकंदात कितीतरी वेळा ही उघडझाप चालते आणि व्होल्टेज 14 च्या आसपास बसून राहतो. इंजिन सावकाश, मिनिटाला 800 फेऱ्यांनी घुटमळत असो की हायवेवर 3000 ने पळत असो. मला याचं नवल आजही ओसरलेलं नाही.

पण या चक्राची सुरुवात कोण करतं? वीज तयार व्हायला चुंबक हवा आणि चुंबक व्हायला वीज. त्या गाडीत जी जुनी रचना होती, तिच्यात ही पहिली चूळभर वीज येते डॅशबोर्डवरच्या दिव्यातून. दिव्याचं एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला, दुसरं एका बारीक तारेने अल्टरनेटरला. किल्ली फिरवली की बॅटरीतली वीज दिव्यातून, त्या तारेतून पंजांमधल्या वेटोळ्यात उतरते. दिवा उजळतो आणि त्याच विजेने लोखंडात हलकीशी ओढ जागी होते. स्क्रूड्रायव्हरला जाणवायला हवी होती ती हीच. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर स्वतःची वीज करू लागतो, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, आणि दोन्हीकडे पातळी सारखी असलेल्या पाटात पाणी वाहत नाही तसा दिव्यातला प्रवाह थांबतो. दिवा विझतो. त्याला विझवणारं बटण कुठेच नसतं. खबर देणारा आणि झोपेतून उठवणारा एकच!

म्हणून न लागलेला दिवा लागलेल्या दिव्याहून मोठी बातमी देतो.

मित्राला मग आणखी एक गोष्ट आठवली. घाटात गाडी ताणली की कधी कधी हेडलाइट एकदम उजळायचे आणि पुढे दिवसभर सगळं सुरळीत चालायचं. मिस्त्री हसले. लोखंडात मागच्या वेळच्या चुंबकत्वाचा किंचित अंश उरलेला असतो. जोरात फिरवलं तर तेवढ्यावरही वीज उगवते, ती चुंबकाला पोसते, चुंबक आणखी वीज देतो. 1866-67 च्या सुमारास बर्लिनमध्ये वेर्नर सीमेन्सने आणि इंग्लंडमध्ये व्हीटस्टन व व्हार्ली यांनी हीच गोष्ट हेरली आणि त्यातून मोठे डायनामो शक्य झाले. आमच्या घाटात ती दिव्याच्या मदतीवाचून आपोआप घडत होती. म्हणजे अल्टरनेटर धडधाकट होता. त्याला कोणी उठवत नव्हतं, एवढंच.

मिस्त्रींनी अल्टरनेटरचा कप्लर काढला. मी माझा मल्टीमीटर पुढे केला: बारीक तारेवर 12 व्होल्ट. तार ठीक आहे, असं मी म्हणणार इतक्यात त्यांनी टेस्ट लॅम्प लावला. लागला नाही. तार बॉडीला टेकवली. डॅशबोर्डवरचा दिवा तरीही निपचित. मीटर खोटं बोलत नव्हता. तो इतका थोडा प्रवाह मागतो की कुजलेल्या तारेतूनही व्होल्टेज पुरा दिसतो. दिवा खरं काम मागतो, तेव्हा तार हात वर करते. चार्जिंगच्या वायरिंगमध्ये नुसता व्होल्टेज मोजून फसलेली माणसं पुष्कळ असतील, त्यांतला मी एक. अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड तारेचंही तसंच: एखाद्या गंजलेल्या नटापाशी ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तरी 60 अँपिअर वाहताना तिथे 0.6 व्होल्ट गळतात. म्हणून तिची तपासणी भार टाकून, इंजिन चालू असताना करायची.

इन्शुलेशन सोलत सोलत ते एका जुन्या जोडापाशी पोचले. आत हिरवी पूड. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तेव्हा त्याच्यामागेही तांब्याचीच करामत असते. पावसाचं पाणी टेपच्या आत शिरून तांबं खात बसलं होतं. वीतभर नवी तार, डाग, स्लीव्ह. किल्ली फिरवली: दिवा लाल. स्क्रूड्रायव्हर टोकाला हलकाच चिकटला. त्यांनी तो माझ्या हातात दिला, आणि ती ओढ मनगटाला जाणवली तेव्हा मी लहान मुलासारखा तीनदा किल्ली बंद-चालू करून बघितली.

आजच्या बऱ्याच गाड्यांत दिव्याचं हे काम उरलेलं नाही. इंजिनचा संगणक अल्टरनेटरशी एका तारेवरून बोलतो. काहींत पल्सची रुंदी बदलून, काहींत अंकी संदेशांनी. ब्रेक दाबला तर तो व्होल्टेज वाढवून फुकटची वीज भरून घेतो, वेग घेताना अल्टरनेटरला जरा विसावा देतो. त्यामुळे अशा गाडीत चालत्या इंजिनवर 12.8 व्होल्ट दिसले की अल्टरनेटर मेला, असं लगेच ठरवू नये. तसा हुकूमच सुटलेला असू शकतो. स्कॅनरवर पी0622 आला तर त्याचा रोख अल्टरनेटरच्या फील्डच्या नियंत्रण सर्किटवर असतो, म्हणजे कप्लर आणि तारही त्यात आलीच. आधी बघायचं, काय सांगितलं गेलं. मग, ते पोचलं का. आणि दोन्ही ठीक असेल तरच अल्टरनेटर उतरवायचा.

एक मात्र कधीही करू नका. चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढायची जुनी खोड अजून काही ठिकाणी आहे. त्या क्षणी अल्टरनेटर जोरात भरत असेल, तर पंजांमधलं चुंबकत्व लगेच ओसरत नाही आणि व्होल्टेज शंभराच्या घरात उसळू शकतो. संगणकाला तेवढं पुरतं.

मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं. दिवा फिका झाला, क्षणभर रेंगाळला, गेला. मीटरवर 14.1.