रेटिकल (रायफल दुर्बीण)

रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीतून पाहताना दृष्टिक्षेत्रात नेमरेषांची जी आकृती दिसते, तिला रेटिकल म्हणतात. एकमेकींना छेदणारी एक उभी व एक आडवी रेषा हे तिचे सर्वांत साधे रूप होय. दूर जाणारी गोळी गुरुत्वाकर्षणामुळे नेमाच्या रेषेखाली येते. ही घट भरून काढण्यासाठी नेम लक्ष्याच्या वर धरणे, याला होल्डओव्हर असे नाव आहे. नुसत्या अंदाजाने नेम वर धरावा लागू नये, म्हणून काही रेटिकलांत केंद्राखाली जादा खुणा दिलेल्या असतात. या खुणा वस्तुतः अंतर दाखवत नाहीत, कोन दाखवतात. त्यामुळे कोणते रेटिकल योग्य, हा प्रश्न दुर्बिणीची रचना, काडतूस आणि शिकारीचा प्रदेश यांपासून वेगळा करता येत नाही.

इतिहास

दुर्बिणीच्या नाभी प्रतलात ठेवलेला बारीक धागा दूरच्या ताऱ्याबरोबरच स्पष्ट दिसतो, हे इंग्रज खगोलनिरीक्षक विल्यम गॅस्कॉइन याच्या १६४० च्या सुमारास लक्षात आले. दुर्बिणीत शिरलेल्या कोळ्याने विणलेल्या धाग्यामुळे हा शोध लागला, असे सांगितले जाते. पुढे कोळ्याचा धागा, बारीक तार आणि काचेवर कोरलेल्या रेषा असे प्रकार वापरात आले. बाहेरच्या बाजूस जाड व मध्याकडे बारीक होणाऱ्या रेषांचे ‘ड्युप्लेक्स’ रेटिकल अमेरिकेतील ल्यूपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये आणले. शिकारी दुर्बिणींत ते आजही सर्रास आढळते. ठिपक्यांचे ‘मिल-डॉट’ रेटिकल १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मरीन दलासाठी तयार झाले.

गोळीची घट आणि कोन

.३०-०६ स्प्रिंगफील्ड हे उत्तर अमेरिकेतील हरणांच्या शिकारीत रूढ असलेले काडतूस आहे. त्याची १८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने सुटते. रायफल २०० यार्डांवर झीरो केलेली असल्यास ही गोळी ३०० यार्डांवर नेमाच्या रेषेखाली सुमारे ८ इंच, ४०० यार्डांवर सुमारे २ फूट आणि ५०० यार्डांवर सुमारे ४ फूट येते. अंतर दर वेळी तेवढेच वाढले, तरी घट त्याहून झपाट्याने वाढते. म्हणूनच रेटिकलावरील खुणा सहसा समान अंतरांवर नसतात.

ही घट कोनात मांडली जाते. मिनिट ऑफ अँगल (एमओए) म्हणजे अंशाचा साठावा भाग, अर्थात पंचांगातील ‘कला’. १०० यार्डांवर १ एमओए सुमारे १.०५ इंच व्यापतो. मिलिरेडियन म्हणजे रेडियनचा हजारावा भाग. तो १०० मीटरवर १० सेंटिमीटर भरतो व सुमारे ३.४४ एमओएइतका असतो. वरील उदाहरणातील ४०० यार्डांची घट सुमारे ५.७ एमओए, म्हणजे १.७ मिलिरेडियन होते. दोन्ही एकके सारखीच अचूक आहेत. मात्र रेटिकल एका एककात आणि नेम बदलणाऱ्या कळा दुसऱ्या एककात असलेली दुर्बीण घेतल्यास ऐन वेळी गुणाकार-भागाकार करावा लागतो.

रेटिकल कोणत्या प्रतलात आहे

विशालन बदलता येणाऱ्या दुर्बिणीत निवडीचा सर्वांत निर्णायक मुद्दा हाच असतो. रेटिकल पहिल्या नाभी प्रतलात असेल, तर विशालन वाढवताच लक्ष्याबरोबर रेटिकलही मोठे दिसते आणि खुणांचा कोन कायम राहतो. दुसऱ्या नाभी प्रतलातील रेटिकल मात्र दिसायला तेवढेच राहते, त्यामुळे खुणांचा कोन विशालनानुसार बदलतो. असे रेटिकल ठरावीक एकाच विशालनावर, बहुधा सर्वाधिक विशालनावर, खरे ठरते.

समजा, अशा दुर्बिणीत ४०० यार्डांची ५.७ एमओएची खूण १२ पट विशालनासाठी आहे. दाट झाडीतून चालताना शिकाऱ्याने विशालन ६ पट ठेवले आणि मोकळ्यावर आल्यावर ते बदलायचे राहून गेले, तर तीच खूण ११.४ एमओए दाखवते. अंतर अचूक मोजले व हात स्थिर ठेवला, तरी गोळी सुमारे २ फूट वरून जाते.

म्हणून पहिले प्रतल सरसकट श्रेष्ठ, असे ठरवणे घाईचे होईल. तेथील रेषा कमी विशालनावर इतक्या बारीक होतात की पहाटे वा तिन्हीसांजेला झाडीच्या पार्श्वभूमीवर त्या दिसेनाशा होतात, आणि शिकार बहुधा याच वेळी होते. प्रकाशित रेटिकलाने ही अडचण काही अंशी दूर होते. जेथे बहुतेक नेम २०० यार्डांच्या आत असतात, अशा जंगलात दुसऱ्या प्रतलातील ठळक ड्युप्लेक्स अधिक उपयोगी पडते. रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या मोकळ्या माळरानावर, जेथे प्राँगहॉर्न दुरूनच माणसाला हेरतो, तेथे पहिल्या प्रतलाचा फायदा स्पष्ट दिसतो.

काडतुसाला जुळवलेल्या खुणा

काही रेटिकलांवरील खुणा विशिष्ट वेगाच्या व आकाराच्या गोळीसाठी थेट ३००, ४००, ५०० यार्ड अशा ठरवलेल्या असतात. त्या वापरायला झटपट असतात. पण रायफलच्या नळीची लांबी, गोळीचे वजन किंवा समुद्रसपाटीपासूनची उंची बदलली की त्या सरकतात. उंचावर हवा विरळ असल्याने घट कमी होते. प्रत्येक खूण आपल्या रायफलवर नेमक्या किती यार्डांना लागू पडते, हे प्रत्यक्ष गोळीबार करून पाहण्याला पर्याय नाही. उतारावर क्षितिजसमांतर अंतर धरावे लागते: ३० अंशांच्या उतारावर ४०० यार्ड दूर असलेल्या प्राण्यासाठी सुमारे ३४६ यार्डांची खूण लागते.

आडव्या वाऱ्यासाठीही खुणा असतात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा वरील गोळीला ४०० यार्डांवर सुमारे १ फूट बाजूला नेतो. दाट जाळीच्या आकृतीचे रेटिकल याचीही सोय करते. मात्र त्या गर्दीत योग्य ठिपका शोधण्यात वेळ जातो.

मर्यादा

हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे ८ ते १० इंचांचा असतो. ४५० यार्डांवरील प्राणी ४०० वर आहे असे समजल्यास गोळी ७-८ इंच खाली लागते, म्हणजे पायावर किंवा छातीच्या खालच्या कडेला. प्राणी जखमी होऊन निसटतो आणि अनेकदा सापडत नाही. हे टाळण्यासाठी लेसर अंतरमापक वापरतात. गोळीला ४०० यार्ड जाण्यास लागणारा सुमारे अर्धा सेकंद मात्र कोणत्याही उपकरणाने भरून निघत नाही. तेवढ्यात प्राणी एक पाऊल टाकू शकतो. म्हणून खुणा ६०० यार्डांपर्यंत असल्या, तरी अनेक अनुभवी शिकारी स्वतःची मर्यादा त्याच्या बरीच आत ठेवतात.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अपवादात्मक परवानगी वगळता संरक्षित वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही, तेथे छिद्रातून नेम धरतात.