रायगडाचे हिंदी कवी

देशभक्तीपर हिंदी गाणी म्हटलं की आठवतात पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि सकाळपासून वाजणारा कर्णा. पण महाड तालुक्यातल्या तुडील गावच्या माणसाला हा विषय शोधायला तालुक्याबाहेर जावं लागत नाही. रायगड त्याच्याच तालुक्यात आहे, आणि रायगडाचे गोडवे गाणारा एक अव्वल कवी होता थेट उत्तरेतला.

त्याचं नाव कविभूषण. यमुनाकाठच्या टिकवापूरचा, आजच्या कानपूर भागातला. त्याने ‘शिवराजभूषण’ हा ग्रंथ ब्रजभाषेत लिहिला. ग्रंथात समाप्तीचं साल संवत १७३० दिलंय, म्हणजे इसवी सन १६७३. राज्याभिषेक अजून व्हायचा होता! रायगडाचं वर्णनही त्यात आहे. गंमत अशी, की हा ग्रंथ म्हणजे खरं तर अलंकारशास्त्राचं पुस्तक. आधी अलंकाराचं लक्षण, मग त्याचं उदाहरण. आणि उदाहरणांचे नायक शिवाजी महाराज. त्या काळातले बरेच दरबारी कवी नायिकांच्या नजाकतीत रमले होते, तेव्हा या गड्याने उपमा-उत्प्रेक्षांना रणांगणावर उतरवलं. मला हे त्याचं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

‘भूषण’ ही मुळात पदवी, चित्रकूटच्या सोळंकी राजाने दिलेली. ती इतकी चिकटली की खरं नाव मागे पडलं. बुंदेलखंडाच्या छत्रसालावरही त्याने कवित्त रचले. छत्रसालाने त्याच्या पालखीला स्वतः खांदा दिला, अशी आख्यायिका आहे.

शिवाजी महाराजांसाठी इंद्र, राम, वणवा, सिंह अशा उपमांची माळ गुंफणारा भूषणाचा कवित्त तीनशे वर्षांनी घराघरांत पोचला. राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, १९७४ मध्ये, हृदयनाथ मंगेशकरांनी ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत त्याला चाल दिली. रामदास, सावरकर, कुसुमाग्रज यांच्या पंगतीला ब्रजभाषेचा कवी बसला आणि कुणाला तो परका वाटला नाही.

वाटणार कसा? खुद्द संभाजी महाराजांनी ब्रजभाषेत ‘नखशिख’, ‘नायिकाभेद’ आणि ‘सातसतक’ लिहिलं. त्यांचे जिवलग कवी कलश उत्तरेचेच.

  

आता महाडचीच शिवथरघळ घ्या. दासबोध इथे लिहिला गेला, असं मानतात. त्याचं हिंदी भाषांतर केलं माधवराव सप्रे यांनी. घर मराठी, लेखणी हिंदी! टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं तेही त्यांनीच. याच सप्र्यांच्या प्रेरणेने १९२० मध्ये जबलपुरात ‘कर्मवीर’ निघालं आणि संपादक झाले माखनलाल चतुर्वेदी. पुढे तेच चतुर्वेदी बिलासपूरच्या तुरुंगात गेले आणि ‘पुष्प की अभिलाषा’ ही कविता जन्माला आली. शाळेत ती पाठ केलेल्या कोट्यवधी हिंदी भाषकांना या धाग्याचं मराठी टोक कळायलाच हवं.

हा मराठी-हिंदी धागा पुढेही दिसतो. झाशीच्या राणीला हिंदीत अमर करणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात उतरल्या होत्या. आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत नेहरूंना गहिवरून आणणारं ‘ऐ मेरे वतन के लोगों’? शब्द बडनगरच्या कवी प्रदीपांचे, गळा लताबाईंचा, चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांची.

यंदा शाळेच्या झेंडावंदनाला सिनेमाच्या गाण्यांबरोबर भूषणाचाही एक कवित्त घ्या. आठ, आठ, आठ, सात अशी अक्षरं. मराठीत यालाच घनाक्षरी म्हणतात. पोरांना ठेका लगेच सापडतो. सोबत ढोलकी असली तर उत्तमच.