काँक्रीट फ्लोअरिंगची कामं घेताय? आधी पाण्याचा हिशोब शिका!



पार्किंग, गोडाऊन, गोठा, दुकानाचा गाळा... काँक्रीट फ्लोअरिंगची छोटी कामं गावोगावी निघतात. मिक्सर भाड्याने मिळतो, गवंडी-मजूर रोजावर मिळतात. म्हणून बरेच तरुण इथूनच ठेकेदारी सुरू करतात. अडचण येते ती काम संपल्यावर. महिन्याभरात झाडू मारला की पांढरी धूळ निघते, भेगा दिसतात आणि मालक शेवटचं बिल अडवतो. तुमचा नफा तर त्याच बिलात असतो!

यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एकच असतं: चुकीच्या वेळी पडलेलं किंवा वेळेवर न मिळालेलं पाणी. सूत्र सोपं आहे. कालवताना मोजून, फिनिशिंगला अजिबात नाही, नंतर भरपूर.

१) कालवताना मोजून

२० बाय १० फूट जागा, ४ इंच जाडी. म्हणजे सुमारे ६७ घनफूट काँक्रीट. एम-२० साठी १ : १.५ : ३ प्रमाण धरलं तर १५-१६ गोण्या सिमेंट लागतं. आयएस ४५६ प्रमाणे ५० किलोच्या गोणीला पाणी जास्तीत जास्त ३० लिटर, तेही वाळूतला ओलावा धरून. पावसाळ्यात वाळू भिजलेली असेल तर वरचं पाणी कमी करा.

मजूर म्हणतील, "साहेब, माल घट्ट आहे, पसरत नाही, थोडं पाणी मारू." इथे ठाम राहा. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. ताकद तिथेच कमी होते. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर वापरा, डबीवर लिहिलेल्या मापाने.

२) ओतताना

खालचा मुरूम ठोकून घट्ट करा आणि ओला करा. पण डबकं ठेवू नका. कोरडा मुरूम काँक्रीटमधलं पाणी पितो. माल जिथे पाहिजे तिथेच ओता. व्हायब्रेटरने ढकलत नेला तर खडी मागे राहते आणि पाणी-सिमेंट पुढे पळतं. उन्हाळ्यात काम पहाटे किंवा दुपार कलल्यावर घ्या.

३) फिनिशिंगला घाई नको

पट्टीने लेव्हल काढली की थोड्या वेळाने वर पाणी येतं, पृष्ठभाग चमकतो. आता थांबायचं! चमक गेली आणि उभं राहिल्यावर बुटाचा ठसा जेमतेम पाव इंच उमटला, की लाकडी रंधा फिरवा. लोखंडी थापी त्यानंतर. वरचं पाणी थापीने आत घोटलं, किंवा ते शोषायला कोरडं सिमेंट भुरभुरलं, की वरचा थर कमकुवत होतो. धूळ आणि पोपडे इथूनच येतात.

४) सांधे आणि क्युरिंग

काँक्रीट आकसणारच. भेग कुठे पडावी हे आपण ठरवायचं. ४ इंच जाडीला ८ ते १० फुटांवर, १ इंच खोल सांधा कापा. कडा तुटणार नाहीत इतकं कडक झालं की लगेच कापा. दोन-तीन दिवस थांबलात तर भेग आधीच पडलेली असेल.

मग आळी करून पाणी भरा किंवा ओली गोणपाटं टाका. पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस. सकाळ-संध्याकाळ नुसता पाइप मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे. मधल्या वेळेतही पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे.

तक्रार आली तर?

• पहिल्या काही तासांतच बारीक भेगा: ऊन-वाऱ्याने वरचं पाणी झपाट्याने उडालं. माल ओला असेल तर पुन्हा रंधा मारून भेगा मिटवा आणि प्लास्टिक झाका.
• धूळ निघते: घासून, धुऊन, वाळवून सिलिकेटचं लिक्विड हार्डनर मारा.
• पोपडे सुटतात: सैल भाग घट्ट थरापर्यंत काढा, मगच पॉलिमर मॉर्टर भरा. वरून नुसता सिमेंटचा हात फिरवला तर तो पुन्हा सुटेल.
• सांध्यातच भेग दिसते: हा दोष नाही. सांधा त्यासाठीच असतो. मालकाला हे आधीच सांगून ठेवा.

कोटेशनमध्ये काय लिहाल?

क्युरिंगचं पाणी कोणाचं, माणूस कोणाचा, हे स्पष्ट लिहा. "पाणी मालक मारतील" असं तोंडी ठरतं, कोणीच मारत नाही आणि दोष ठेकेदारावर येतो. त्यापेक्षा १० दिवसांच्या माणसाची मजुरी दरातच धरा. रोज पाणी भरल्याचा फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. दर थोडा जास्त दिसेल, पण बिल मागायला जाल तेव्हा तुमच्या हातात पुरावा असेल.

पुढचं काम घेण्याआधी एक करा: १५ लिटरची बादली मोजून तिच्यावर रंगाने खूण करा आणि मिक्सरजवळ ठेवा. गोणीमागे दोन बादल्यांच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही!