नाक मोकळं होतं, की तसं वाटतं?

सर्दीने नाक चोंदलं की गरम पाण्यात पुदिन्याच्या फुलाचा, म्हणजे मेन्थॉलचा, खडा टाकून वाफारा घ्यायचा, ही आपल्या घरांतली जुनी रीत. चार श्वासांत नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण नाकातून प्रत्यक्ष किती हवा जाते हे संशोधकांनी यंत्राने मोजलं, तेव्हा मेन्थॉल हुंगण्यापूर्वी आणि हुंगल्यावर त्यात फरक आढळला नाही. फरक पडतो तो जाणिवेत. नाकाच्या आतल्या चेतातंतूंवर टीआरपीएम-८ नावाचं प्रथिन असतं. गारवा ओळखणं हे त्याचं काम. मेन्थॉलमुळे ते उघडतं आणि गार हवा आत येत असल्याचा निरोप मेंदूला जातो. निलगिरी तेलातलं सिनिओलही हेच करतं, जरा कमी जोराने. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी २००२ मध्ये आपापल्या प्रयोगशाळांत हे प्रथिन ओळखलं. तापमान आणि स्पर्शाच्या संवेदनेवरील कामासाठी दोघांना २०२१चं नोबेल मिळालं.

अरोमाथेरपीकडे वळणाऱ्याने आधी हे उदाहरण नीट समजून घ्यावं. आराम खरा असतो. चोंदलेल्या नाकाने तळमळणाऱ्याला त्यामुळे झोप लागते, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. पण नाकातली सूज तशीच राहते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाने २००८ मध्ये ५६ जणांवर केलेल्या प्रयोगातही असंच चित्र दिसलं. लिंबाच्या तेलाच्या वासाने लोकांची मनःस्थिती सुधारली. त्वचा भरून येण्याचा वेग किंवा वेदना यांत मात्र लिंबाने फरक पडला नाही आणि लॅव्हेंडरनेही नाही. मन हलकं व्हावं म्हणून सुगंध जरूर वापरावा. संसर्ग, दमा किंवा रक्तदाब यांवर तो उपचार समजू नये.

ही सुगंधी तेलं मुळात तेलकट नसतात. कागदावर थेंब टाकला तर बहुतेक तेलं काही वेळाने उडून जातात. ती काढण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. धुळे-नंदुरबारच्या डोंगरांत उगवणाऱ्या रोशा गवताचंच बघा. त्याच्या तेलातला मुख्य घटक जिरॅनिऑल. तो एकटा उकळायचा तर सुमारे २३० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि तेवढ्या आचेत सुगंध बिघडू लागतो. पण गवतातून पाण्याची वाफ सोडली की पाणी आणि तेल या दोन्हींच्या बाष्पांचा दाब एकत्र होतो आणि १०० अंशांच्या आतच तेल वाफेबरोबर निघतं. ती वाफ गार केली की पाण्यावर तेलाचा थर तरंगतो.

खानदेशातल्या भट्ट्यांवर निघालेलं हे तेल १९व्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई. गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतं, त्यामुळे वास जुळतो. म्हणून तिथून ते बल्गेरियात पोचे आणि तिथल्या गुलाबतेलात रोशाची भेसळ चाले. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, तेव्हा मोह किती मोठा असेल! तो आजही संपलेला नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या कुपीवर 'शुद्ध गुलाबतेल' लिहिलेलं दिसलं तर ती खाली ठेवावी. वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि मुदत नसलेली कुपीही नकोच.

सुरुवात एकाच तेलाने करावी. लॅव्हेंडर किंवा रोशा चांगलं. पाच-सहा कुप्यांचा संच घेतला तर कशाने बरं वाटलं आणि कशाने खाज सुटली, ते कळत नाही. डिफ्युजरमध्ये दोन-तीन थेंब, खिडकी थोडी उघडी आणि अर्धा तास, एवढं पुरतं. त्वचेवर निव्वळ तेल कधीच लावू नये. चहाच्या एका चमच्याएवढ्या, म्हणजे ५ मिलिलिटर खोबरेल तेलात एक थेंब घातला की साधारण एक टक्क्याचं मिश्रण होतं. ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबावं. साल दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात जाऊ नये, कातडी भाजल्यासारखी होते.

लहान मुलांच्या बाबतीत मी मुळीच सूट देणार नाही. बाळाच्या उशाशी कापराची पुरचुंडी ठेवणं, त्याच्या नाकाजवळ निलगिरी किंवा मेन्थॉल चोळणं थांबायला हवं. तान्ह्या बाळाचा श्वास त्याने अडखळू शकतो. चमचाभर निलगिरी तेल पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, म्हणून कुपी औषधांसारखीच कुलपात असावी. ज्यांना फिट्स येतात त्यांनी कापूर आणि निलगिरीपासून लांब राहावं. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही वापरू नये. मांजरांच्या यकृताला यातले बरेच घटक नीट पचवता येत नाहीत. टी ट्री तेल तर त्यांना विषारीच.

कुपी गडद काचेची, झाकण घट्ट आणि जागा थंड हवी. हवा लागली की लिंबातलं लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल ऑक्सिजनशी संयोग पावतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या पदार्थांनी त्वचेला ॲलर्जी होते. म्हणून कुपी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी आणि वास बदललेलं तेल अंगाला लावू नये.