खडकातला ताण मोजायचा कसा?
मंडळी, हिंगोलीकडचे हादरे आपल्या उमरखेड-पुसदकडंही जाणवतात. मग प्रश्न येतो, जमिनीतला ताण मोजता येत नाही का? येतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला. त्याच भागात गोठणे इथं पुढं ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं.

बोअरचा एक टप्पा दोन्हीकडून बंद करून त्यात पाणी दाबायचं. खडक तडकतो. पंप थांबवला की ज्या दाबाला तडा मिटतो, तो सगळ्यात कमी आडवा ताण. जपानच्या नानकाईत एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो. तिथं बोअरच्या ढासळलेल्या भिंतींनी ताणाची दिशा दाखवली.

पण ताण कळला म्हणून तारीख कळत नाही. प्रस्तरभंगाची पकड कधी सुटेल, हे घर्षणावर आणि आतल्या पाण्याच्या दाबावरही ठरतं. म्हणून घर मजबूत बांधणं आपल्या हाती.